दीर खाणीवरून घरी येतो तेव्हा

माझा धाकटा दीर राजस्थानात शिसं-जस्ताच्या खाणीवर डंपर चालवतो. दिवाळीला पंचवटीत आला की त्याची बॅग मी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. सासूबाई चिडतात. पण दगड दळून धातू काढल्यावर उरलेला गाळ वाळला की पिठासारखा उडतो, आणि त्यात थोडं शिसं राहतंच.

कपडे झटकायचे नाहीत, हे पहिलं. पिशवीतून थेट पाण्यात, तेही घरच्या कपड्यांपासून वेगळे. बूट बाहेर. फरशीला कोरडा झाडू नको, ओलं फडकं. गेल्या वर्षी बुटाच्या खाचेतून राखाडी भुकटी पडली आणि आमचं रांगतं बाळ तिथेच बोटं चोखत बसलेलं! डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं. नेहमीच्या तपासणीत ते कळत नाही, वेगळं सांगावं लागतं. मुलांसाठी सुरक्षित अशी पातळीच नाही. अमेरिकेत तर २०२१ पासून डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवरच दखल घेतात.

पाणी उकळून शिसं जात नाही, आटलं की उलट दाट होतं. पोरांना नाचणी, दूध, पालेभाजी द्या. लोह-कॅल्शियम कमी पडलं की शरीर शिसं जास्त ओढतं.

आणि दिराने केसांवरून आंघोळ केल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही. गंगेवर जायचं तर नंतर जा म्हणावं.