पहाटे साडेचारची किक

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आमच्या आर्वी तालुक्यात त्या पहाटे किती होता ते काही मी मोजलं नाही, पण गोठ्यातल्या टाक्यात हात घातला तर पाणी चावत होतं. साडेचारला दुधाच्या मोटारसायकलीला किक मारायला लागलो. पंधरा, वीस, तीस. स्वेटर काढला, टोपी काढली. गाडी एकदा भुरभुरली अन् परत बसली. शेजारचे काका घोंगडं गुंडाळून ओट्यावर आले. "काऊन गा, हिवानं धरलं का गाडीले?" मीही तेच म्हणालो, हिवानं धरलं.

दूध त्या दिवशी काकांच्या पोराच्या गाडीवर गेलं. दुपारी एअर फिल्टरचा डबा खोलला, तर आत मूठभर कापूस, सरकीची टरफलं अन् डोळेही न उघडलेली उंदराची चार गुलाबी पिल्लं. पुढं भाव चढेल म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस आम्ही घरातच भरून ठेवला होता अन् ढिगाला लागूनच गाडी उभी करत होतो. उंदरीला एवढं जवळचं बाळंतघर कुठं मिळणार? इंजिनाला हवाच मिळत नव्हती. थंडीवर फुकट आळ आला.

माझी गाडी २०१४ ची स्प्लेंडर, कार्बोरेटरवाली. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरच्या दोन कॅन, तीन गावांचं दूध, सहाच्या आत डेअरी. बर्फाच्या मुलखात लोक हिवाळ्यात गाडी झाकून ठेवतात म्हणे. आपल्याकडे उलटं आहे. कापूस, तूर, हरभऱ्याची जागल, रात्रीच्या लाइनीवर ओलित, वरून लग्नं. गाडीला वर्षातलं सगळ्यात जास्त काम याच चार महिन्यांत. म्हणून तुळशीचं लग्न लागलं की मी एक दुपार काढतो अन् पावसाळ्यानं गाडीत जे जे ठेवलं ते बाहेर काढतो.

सुरुवात फिल्टरपासून, कारण माझा तिथंच हात पोळला आहे. डावं-उजवं कव्हर काढून डबा उघडा. स्पंजचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून दाबून काढा. तेलकट कागदाचा असेल तर तो धुवायचाही नसतो अन् हवा मारून झाडायचाही नसतो. हवा मारली की तेलाचा थर जातो अन् धूळ सरळ इंजिनात. काळा पडला की नवा टाका. पुस्तकात जेवढे किलोमीटर लिहिले असतात ते डांबरी रस्त्यावरचे समजा. पांदणीनं रोज जाणाऱ्यानं, त्यातही हडंब्याजवळ, म्हणजे मळणीयंत्राजवळ, गाडी लावणाऱ्यानं, त्याच्या निम्म्यातच उघडून पाहावं. तुरीचं कुटार पिठासारखं उडतं अन् सगळीकडे शिरतं.

आता किक. कार्बोरेटरच्या गाडीला थंडीत चोक का लागतो, तर गार हवेत पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. माझी पद्धत अशी: पेट्रोल कॉक चालू, चोक पूर्ण, चावी बंद ठेवून दोन सावकाश किका. मग चावी चालू करून एक नेटाची किक. या सगळ्यात ॲक्सिलेटरला हात लावायचा नाही. आपल्या लोकांची खोड इथंच आहे, किक मारताना मूठ पिळतच राहतात. उठली की अर्धा मिनिट तशीच चालू द्या, चोक अर्धा करा, गावाची वेस येईपर्यंत पूर्ण बंद करा. आमचे बाबा चोक विसरून पार आर्वीला जाऊन यायचे. मागं काळा धूर, अन् घरी आल्यावर म्हणायचे, ॲव्हरेज गेलं गाडीचं.

पाच-सहा किकांत नाही उठली तर थांबा. प्लग ओला झालेला असतो. प्लग पान्यानं काढून पाहा. पेट्रोलचा वास येत असेल, टोक चमकत असेल, तर कोरड्या फडक्यानं पुसा, पाच मिनिटं उघडा ठेवा अन् चोक बंद करून परत मारा. टोक काजळीनं काळंकुट्ट असेल तर तारेच्या ब्रशनं घासा. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे गाडी नीट जळते आहे. प्लग चुलीत तापवणं, इंजिनाखाली पराटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, जाळ करणं, हे प्रकार मी डोळ्यांनी पाहिले आहेत. वर पेट्रोलची टाकी असते, एवढं लक्षात घ्या. अन् बंद खोलीत गाडी रेस करत गरम करू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या, बहुतेक गाड्यांना चोक नाही, पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आहे. माझ्या पुतण्याची तशी आहे. चावी फिरवली की पंपाचा बारीक घूं आवाज येतो, मीटरवरचा इंजिनाचा दिवा विझतो, मगच सेल्फ मारायचा. पोरांना तेवढाही दम नसतो. अशा गाडीला बॅटरी हा जीव. बॅटरी पार बसली की पंपच चालत नाही, मग कितीही किका मारा.

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते अन् घट्ट झालेलं ऑइल फिरवायला सेल्फला जोर जास्त लागतो. म्हणून उन्हाळ्यात कशीबशी चाललेली बॅटरी डिसेंबरात राम म्हणते. व्होल्ट मोजायचा दोन-अडीचशे रुपयांचा साधा मीटर घेऊन ठेवा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवला तर बरं, १२.२ च्या खाली असेल तर चार्जिंगला द्या. गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर १४ च्या जवळ गेला पाहिजे. नाही गेला तर दोष बॅटरीत नाही, चार्जिंगमध्ये आहे, नवी बॅटरी घेऊन पैसे घालवू नका. पाण्याची बॅटरी असेल तर दोन रेषांच्या मधे पातळी ठेवा, तीही डिस्टिल्ड वॉटरनंच. आमच्या बोअरचं पाणी भांड्यावर पांढरा थर धरतं, ते बॅटरीत काय करेल? टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं जुना दात घासायचा ब्रश फिरवा, कोरडं करा, वर व्हॅसलिन. काढताना आधी काळी वायर, लावताना आधी लाल.

ऑइल बदलायचंच असेल तर पावसाळा संपल्यावर बदला. गाडी दहा मिनिटं फिरवून आणा, गरम ऑइल घाण सोबत घेऊन निघतं. माझ्या गाडीचं खालचं बोल्ट सतराच्या पान्याचं आहे. वॉशर चेपला असेल तर दोन-चार रुपयांचा नवा टाका अन् बोल्ट आवळताना अंगातली रग दाखवू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. ग्रेड कंपनीनं सांगितलेलाच, माझ्या गाडीला १०डब्ल्यू-३०. त्यातला पहिला आकडा थंडीतला. तो जेवढा लहान तेवढं ऑइल गारठ्यात पातळ राहतं. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल गाडीत ओतणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांचा क्लच सांगेल. जुनं ऑइल डब्यात धरा, बैलगाडीच्या कण्याला वंगण म्हणून चालतं. विहिरीच्या आसपास सांडू नका.

चेनवर मात्र वेळ द्या. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा चेनकव्हरमध्ये जातो, दिवाळीनंतर वाळून त्याचं ढेकूळ होतं. वरून काही दिसत नाही, कव्हर चकाचक. मी दोन वर्षांपूर्वी कव्हर खोललं तेव्हा खुरप्यानं माती काढावी लागली, तिच्यात सोयाबीनचा एक दाणा उगवून वाळला होता. चेन काढून डिझेलच्या डब्यात तासभर बुडवा, ब्रशनं घासा, पुसा, उन्हात टांगा. मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल, कडीकडीवर थेंब थेंब, आतल्या बाजूनं. रात्रभर मुरू द्या, वरचं पुसून घ्या. ग्रीस फासू नका, त्यावर धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो.

चेन परत जोडताना जोडकडीची क्लिप पाहा. तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागं. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निघू शकते. ताण किती? डबल स्टँडवर, खालच्या बाजूला मधोमध बोटानं वर-खाली केलं तर दोन ते तीन सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक फिरवून चार ठिकाणी पाहा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. एका मिस्त्रीनं माझी चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून दिली होती. कॅन भरल्या, गाडी दबली, चेन अजून ताणली अन् पंधरा दिवसांत मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं. ओझं वाहणाऱ्यानं चेन तीन सेंटिमीटरच्या बाजूलाच ठेवावी. दोन्हीकडच्या खुणा सारख्या आल्या की मगच धुऱ्याचं नट आवळा.

टायरची हवा दुपारी पंपावर भरली अन् पहाटे गाडी बसल्यासारखी वाटली तर पंक्चरच असेल असं नाही. दुपारी ३० अंश अन् पहाटे १० अंश, एवढ्या फरकानं २८ पीएसआयच्या टायरमधली हवा जवळपास तीननं उतरते. म्हणून हवा मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्याआधी. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर असतं. एकट्याचा आकडा वेगळा, डबलसीटचा वेगळा. माझ्यासारख्या कॅनवाल्यांनी डबलसीटचा धरायचा. बाकी बाभळीचा काटा हवा पाहून घुसत नाही, एक ट्यूब सोबत असू द्या.

क्लचची वायर थंडीत जड होते. तिचं वरचं टोक मुठीतून सोडवा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा त्या टोकावर चढवा, खालून सुतळीनं घट्ट बांधा, झाली नरसाळी. तिच्यात पातळ ऑइल भरा अन् गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी खालच्या टोकातून काळा थेंब गळालेला दिसला की वायर पूर्ण भिजली. काळा थेंब पाहायला मला अजूनही मजा येते. तशीच ॲक्सिलेटरची वायर करा.

ब्रेकचं थोडक्यात. मागच्या ड्रमवर ब्रेकच्या दांडीजवळ एक बाण असतो. पायानं ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण खुणेला भिडला की लायनर संपले, नट आवळून पुढं ढकलू नका. ड्रम उघडला तर आतली धूळ तोंडानं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. दव पडलेल्या सकाळी निघताना पहिल्या शंभर पावलांत दोनदा हलका ब्रेक मारून पाहा.

हे एवढं सांगायचं कारण रोही, म्हणजे नीलगाय. हरभरा हिरवा असतो तोवर रोह्यांचे कळप रात्रभर रस्ता ओलांडत असतात, अन् एक गेला म्हणजे संपलं असं कधी समजू नका, मागं चार असतात. हेडलाइटची काच आतून धुरकट झाली असेल तर काढून पुसा. कॅन लटकवल्या की गाडीचं नाक वर होतं अन् उजेड झाडाच्या शेंड्यावर पडतो, म्हणून लाइटचं तोंड भरल्या कॅनसकट लावून घ्या. वर्धा नदीकडून धुकं आलं की डिपर खालीच ठेवा, वरचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

गाडी धुवायची तर दुपारी धुवा. संध्याकाळी धुतली की पाणी वायरींच्या जोडात अन् ब्रेकमध्ये रात्रभर बसतं. कॅनमधून सांडलेलं दूध आंबून फ्रेमचा रंग खातं, माझ्या कॅरियरखाली दोन जागी गंज आला तो त्याच्यानंच. आता कॅन अडकवायच्या आकड्याखाली ट्यूबचे तुकडे बांधतो अन् डेअरीवरून निघतानाच एक तांब्या पाणी मारतो.

टाकी हिवाळ्यात निम्म्याखाली जाऊ देऊ नका. रिकाम्या टाकीत रात्री आतून घाम धरतो, अन् पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं. जास्त झालं की ते तळाशी वेगळं बसतं. गाडी चालता चालता झटके मारत असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू ढिला करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढा, खाली पाण्याचे गोळे दिसतात. विडी त्या वेळेस खिशात राहू द्या. अन् जी गाडी फक्त लग्नाला निघते ती आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फिरवून आणा. उभ्या उभ्या दोन मिनिटं चालू करून काही होत नाही, उलट बॅटरी उतरते.

कापूस घरात असेल तर गाडी बाहेर. आधी मला उंदरांचीच चिंता होती, पण तापलेला सायलेन्सर, पेट्रोलची गळती अन् कापसाचा ढीग एका खोलीत, हे आमच्या मंडळीनं पहिल्यांदा बोलून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून गाडी पडवीत असते. संध्याकाळी इंजिन हाताला गार लागलं की कॉक बंद करून वर बारदाना टाकतो, हवेच्या तोंडाला जाळीचा तुकडा तारेनं बांधलेला असतोच. पहाटे बारदाना काढला की किकच्या आधी सीटखाली एकदा टॉर्च मारून पाहतो, कापूस दिसतो का.