एक्सपीसाठी पार्टिशन करताय? या चुका टाळा

पेजमेकरच्या जुन्या फाइल, पॅरलल पोर्टचं डाँगल (लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली) मागणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर अशा कामांसाठी अजूनही विंडोज एक्सपी टाकावी लागते. अडलं की आपण सीडीला दोष देतो. पण बऱ्याचदा घोळ पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांमध्ये असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक सेटअपच्या निळ्या स्क्रीनवर होते. डिस्क जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत) असेल तर 32 बिट एक्सपीला आतली पार्टिशन दिसतच नाहीत, अख्खी डिस्क एकच पार्टिशन म्हणून समोर येते. ते नकोसं वाटून डी दाबायचं, खात्रीसाठी एल दाबायचं, की आतली विंडोज 10 आणि सगळे फोटो हाताबाहेर गेलेच म्हणून समजा. एक्सपीला एमबीआर, म्हणजे जुन्या नोंद पद्धतीची डिस्क लागते, तीही 2 टीबीपर्यंतच. माझं ठाम मत आहे: एक्सपीला छोटी, वेगळी डिस्क द्या आणि इन्स्टॉल होईपर्यंत बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा.

500 जीबीची डिस्क 131000 एमबीच्या आसपास दिसतेय? डिस्क ठीक आहे, सीडी सर्व्हिस पॅक 1 (एक्सपीच्या सुधारणांचा पहिला संच) च्या आधीची आहे. तिला 137 जीबीपुढचं (सेटअपच्या मोजणीत हेच 131000 एमबी) कळत नाही. तशीच रेटू नका, पुढे डेटा खराब होऊ शकतो. सर्व्हिस पॅक 3 ची सीडी घ्या.

एक्सपी पहिलं पार्टिशन 63 व्या सेक्टरपासून सुरू करते. 4के सेक्टरच्या नव्या डिस्कवर त्यामुळे लिहिण्याचा वेग चांगलाच पडतो. म्हणून आधीच जीपार्टेड या पार्टिशन करायच्या मोफत टूलमध्ये सुरुवातीचा 1 एमबी सोडून प्रायमरी (मुख्य) पार्टिशन करा, फाइल सिस्टिम एनटीएफएस ठेवा, बूट फ्लॅग (इथून सुरू व्हायचं अशी खूण) लावा, आणि सेटअपमध्ये फाइल सिस्टिम आहे तशीच ठेवण्याचा पर्याय निवडा. नंतर एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून त्या डिस्कची पार्टिशन बदलू नका, लॉजिकल पार्टिशन (एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आतली) गायब होऊ शकतात.

सेटअप 0x0000007B हा एरर कोड दाखवून थांबला तर पार्टिशनला हात लावू नका. बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर करून बघा.

एकाच डिस्कवर विंडोज 7 सुद्धा हवी असेल तर आधी एक्सपी, मग 7. उलट केलंत तर एक्सपी बूट कोड (विंडोज सुरू करून देणारा डिस्कवरचा छोटा प्रोग्रॅम) बदलून टाकते. मग 7 च्या डीव्हीडीवरून तो दुरुस्त करा आणि बूट मेनूत एक्सपी वेगळी जोडा.

आणि हो, सुरुवात करण्याआधी कार्ड रीडर, पेनड्राइव्ह काढा. नाहीतर सी अक्षर त्यांना जातं, एक्सपी एच किंवा आय ड्राइव्हवर बसते, आणि ते अक्षर नीट बदलायचं तर पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.