महाग हेल्मेट घेताना या चुका टाळा: जादा पैसे कुठे सार्थकी लागतात आणि कुठे वाया जातात

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये गाडीचे काम घेऊन येणारा तरुण, काम होईपर्यंत बाकड्यावर बसला की, हमखास एक प्रश्न विचारतो: वीस-बावीस हजारांचे हेल्मेट घेतले तर डोके जास्त सुरक्षित राहते का? मोबाइलवर त्याने हेल्मेट आधीच पसंत केलेले असते, रंगही ठरलेला असतो, आणि माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो होकार मी सहसा देत नाही, कारण इतकी वर्षे तीच तीच माणसे त्याच त्याच चुका करताना पाहून माझा संयम थोडा कमी झाला आहे.

माझे मत आधीच सांगतो. आयएसआय चिन्ह असलेले, पूर्ण चेहरा झाकणारे साधे हेल्मेट दीड-दोन हजारांत मिळते. तिथून पाच-सहा हजारांपर्यंत जे पैसे वाढतात ते बहुतेकांच्या बाबतीत सार्थकी लागतात. त्यापुढचे पैसे मुख्यतः आराम, वजन, आवाज आणि काचेची प्रत यांसाठी जातात, आणि ज्याला रोज हायवेवर तास-दोन तास काढायचे आहेत त्याने ते खुशाल घालवावेत. मात्र खाली दिलेल्या चुकांपैकी पहिल्या दोन जरी झाल्या, तरी दोन हजारांचे आणि बावीस हजारांचे हेल्मेट एकाच लायकीचे ठरते.

किमतीलाच सुरक्षिततेचे माप समजणे

हेल्मेटमध्ये डोके वाचवण्याचे मुख्य काम बाहेरचे चकचकीत कवच करत नाही. ते काम आतला थर्माकोलसारखा दिसणारा थर करतो. डोके आदळते तेव्हा हा थर चेपतो, चेपताना धक्क्याची ऊर्जा पोटात घेतो आणि डोके थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळवून देतो. कवच कार्बन फायबरचे असो, फायबर ग्लासचे असो की एबीएस प्लॅस्टिकचे, त्याने धक्का पसरवायचा असतो आणि टोकदार वस्तू आत शिरू द्यायची नसते. म्हणून ‘कार्बनचे आहे, काही होत नाही’ हे वाक्य माझ्यासमोर कोणी उच्चारू नये.

युरोपातल्या ईसीई २२.०५ या मानकात हेल्मेट सेकंदाला ७.५ मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आदळवून पाहत, आणि आतल्या नमुना-डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २७५ पटींवर जाऊ नये अशी अट होती. हा २७ चा आकडा वाचून काही जण हसतात आणि आपली गाडी तर शंभरने जाते असे सांगतात. त्यांनी थोडे गणित करावे. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड-पावणेदोन मीटरवर असते आणि तेवढ्या उंचीवरून ते खाली पडताना ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीला लागते. गाडी कितीही वेगात असली तरी मोकळ्या रस्त्यावर घसरून पडणाऱ्याच्या डोक्याला सरळ बसणारा धक्का याच पट्ट्यात असतो. समोर ट्रॉली किंवा झाड आडवे आले तर मात्र हिशोब बदलतो, आणि तो हिशोब कोणत्याही किमतीच्या हेल्मेटला झेपत नाही.

ब्रिटनच्या परिवहन खात्याने २००७ मध्ये ‘शार्प’ नावाची योजना सुरू केली. त्यात हेल्मेट आदळवून तपासतात आणि एक ते पाच तारे देतात. तिथे कमी किमतीच्या काही हेल्मेटना पाच तारे मिळाले आहेत आणि नावाजलेल्या महाग हेल्मेटपैकी काहींना तीनवर समाधान मानावे लागले आहे. याचा अर्थ महाग हेल्मेट वाईट असते असा होत नाही. किमतीवरून सुरक्षितता ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पैसे वाढवायचेच असतील तर एका गोष्टीसाठी जरूर वाढवावेत, आणि ती म्हणजे ईसीई २२.०६. या नव्या मानकात वेगवेगळ्या वेगांचे धक्के आले आणि तिरकस आदळल्यावर डोके किती जोराने फिरते याचीही मोजणी आली. मेंदूला होणाऱ्या इजेत या पिळाचा वाटा मोठा असल्यामुळे ही सुधारणा खरी आहे. आता काही भारतीय कंपन्यांची पाच-सहा हजारांच्या आसपासची हेल्मेटही या मानकाची आहेत, त्यामुळे तेवढ्यासाठी वीस हजार मोजण्याची गरज राहिलेली नाही. ‘डॉट’ या अमेरिकी चिन्हाला मी कमी महत्त्व देतो, कारण ते निर्मात्याने स्वतःच स्वतःला दिलेले प्रमाणपत्र असते आणि सरकार नंतर बाजारातली काही हेल्मेट उचलून तपासते. शिवाय आपल्याकडे त्याचे नुसते स्टिकर चिकटवणारेही कमी नाहीत.

माप न घेता आणि पट्टी न समजून घेता घेतलेले महाग हेल्मेट

ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे आणि हिच्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी करणारा एक मुलगा आमच्याकडे गाडी सर्व्हिसिंगला आणायचा. बोनस मिळाल्यावर त्याने बावीस हजारांचे परदेशी हेल्मेट घरबसल्या मागवले. जुने हेल्मेट ‘एल’ होते म्हणून हेही ‘एल’ मागवले. आल्यावर डोक्यात घातले तर कपाळाजवळ दोन बोटे सहज जात होती. मी तेव्हाच बदलून घ्यायला सांगितले. ‘अहो काका, जरा सैल असलं की हवा खेळते, आणि परत पाठवायचं म्हणजे आठ दिवस गेले,’ असे त्याचे उत्तर होते. आठ दिवस थांबवत नसलेल्या माणसाने काय घ्यावे, याचे उत्तर माझ्याकडे खरोखर नाही.

पुढे जुलैमध्ये दोघे मित्र गगनबावड्याकडे निघाले. कळे गावाच्या अलीकडे शेतातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर चिखल आणला होता. गाडी फार वेगात नव्हती, पण पुढचे चाक घसरले आणि हा आडवा झाला. मागून येणाऱ्या मित्राच्या सांगण्याप्रमाणे तो रस्त्यावर टेकायच्या आतच हेल्मेट डोक्यावरून निघून उसाच्या सरीत गेले होते. गालाचे हाड मोडले, कपाळाला टाके पडले, आणि डोके वाचले ते निव्वळ नशिबाने. हेल्मेटवर मात्र जेमतेम एक ओरखडा होता.

बरा होऊन तो वर्कशॉपला आला तेव्हा मी तेच हेल्मेट त्याच्या हातात देऊन पट्टी बांधून दाखवायला सांगितले. त्याने पट्टी दोन्ही कड्यांतून ओवली, तशीच खाली सोडली आणि टोकाचे टिचबटण दाबून मोकळा झाला. इतके दिवस तो ते बटणच कुलूप समजत होता. महाग हेल्मेटना बहुधा डबल डी-रिंगची पट्टी असते. ती दोन्ही कड्यांतून आत घ्यायची, मग मागे वळवून दोघींपैकी एकाच कड्यातून परत काढायची आणि ओढायची, तेव्हा कुठे ती आवळते. बटण आहे ते फक्त उरलेले टोक वाऱ्याने गालावर फडफडू नये म्हणून. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि खोक्यातली माहितीपत्रिका वाचणे त्याला कमीपणाचे वाटत होते. साध्या हेल्मेटचे खट् करून लागणारे बक्कल वापरणाऱ्या माणसाने डी-रिंगचे हेल्मेट घेतले तर घरी आरशासमोर ती पट्टी डोळे मिटून बांधता येईपर्यंत सराव करावा.

माझी मापाची पद्धत कुठल्या पुस्तकातली नाही, पण मी ती सोडत नाही. शिंप्याची टेप भुवयांच्या किंचित वरून आणि डोक्यामागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवायची आणि सेंटिमीटर लिहून घ्यायचे. अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण एका कंपनीचे ‘एल’ म्हणजे ५८ असते आणि दुसरीचे ६०. दुकानात हेल्मेट घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, इतके की बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली यावी. हेल्मेट हाताने डावी-उजवीकडे फिरवले तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली पाहिजे. मग पट्टी बांधून, मागच्या काठाला हात घालून ते पुढे उलटवून काढण्याचा प्रयत्न करायचा, आणि निघाले तर मुकाट्याने परत ठेवायचे. शेवटी ते डोक्यात तसेच ठेवून वीस मिनिटे दुकानात बसायचे. दुकानदार चहा मागवतो किंवा कंटाळतो, दोन्ही चालते. काढल्यावर कपाळाच्या मधोमध लाल वळ उठला असेल तर आकार चुकला आहे, म्हणजे डोके लांबट आणि हेल्मेट गोल, अशा वेळी मोठे माप घेऊन काही उपयोग होत नाही, कंपनीच बदलावी लागते. गालाची गादी वापराने थोडी दबते, म्हणून नवे हेल्मेट घट्टच असावे.

इथे महाग हेल्मेटच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्वस्त हेल्मेट बनवणारे एक-दोन आकारांचीच कवचे बनवतात आणि आतली गादी जाड-पातळ करून सगळी मापे भागवतात, त्यामुळे लहान डोक्याच्या माणसाच्या मानेवर मोठ्या माणसाचे कवच येते. वरच्या किमतीत तीन, चार, क्वचित पाच वेगवेगळी कवचे असतात. ज्यांचे डोके लहान आहे त्यांना या फरकाचे पैसे मान न दुखण्याच्या रूपाने परत मिळतात.

हायवेच्या कडेचे हेल्मेट

पोलीस पुढच्या चौकात उभे आहेत हे कळल्यावर हायवेच्या कडेला तीनशे रुपयांना घेतलेले हेल्मेट ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट बनवणे, आयात करणे आणि विकणे बेकायदा आहे. आयएस ४१५१ हा आकडा आणि चिन्हाखालचा परवाना क्रमांक हेल्मेटवर असतो, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर दोन मिनिटांत तपासता येतो. तरीही लोक तपासत नाहीत. अशा हेल्मेटच्या आत बोट घालून पाहावे. पुष्कळदा तिथे चेपणारा थर नसतोच, नुसता स्पंज आणि वर कापड असते. आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बेळगावात नावाजलेल्या कंपनीची हेल्मेट तयार होतात आणि कोल्हापुरातल्या दुकानांत ती सहज मिळतात, मग हा जुगार कशासाठी, हे मला आजवर समजलेले नाही. हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की आपल्या गावात जो वाद पेटतो त्यात मी पडत नाही, परंतु पावतीचा दंड वाचवण्यासाठी डोक्यावर ठेवलेली वस्तू आणि हेल्मेट यांत गल्लत करू नये.

हीच गोष्ट उलट बाजूने परदेशी हेल्मेटलाही लागू आहे. ओळखीच्या माणसाने दुबईहून आणून दिलेल्या हेल्मेटवर आयएसआय नसेल तर चौकात वाद घालायची तयारी ठेवावी.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

काच पेट्रोलने किंवा थिनरने पुसू नये. पॉलिकार्बोनेट त्याने तडकते, आणि कवच प्लॅस्टिकचे असेल तर तेही आतून कमकुवत होते.

हेल्मेट गाडीच्या आरशावर अडकवून ठेवू नये, आतला थर तिथे खड्डा पडून कायमचा दबतो.

काळी काच रात्री लावू नये. कारखान्यांचा हंगाम सुरू झाल्यावर विना रिफ्लेक्टरची उसाची ट्रॉली साध्या काचेतूनही उशिरा दिसते.

पावसात काचेवर वाफ धरते म्हणून ती अर्धी उघडी ठेवून जाण्यापेक्षा पिनलॉकची, म्हणजे वाफ धरू नये म्हणून आतून दुसरी पातळ काच बसवायची, सोय असलेली काच घ्यावी. आपल्या पावसाळ्यात महाग हेल्मेटच्या सोयींपैकी ही एकच मला चैन वाटत नाही.

डोक्यात तेल घालून हेल्मेट घालणाऱ्यांनी गादी सुटी होऊन धुता येते का, हे घेण्याआधी पाहावे.

एकदा आदळलेले हेल्मेट पुन्हा वापरणे

डोके आत असताना हेल्मेट एकदा जोरात आदळले की त्याचे काम संपले. चेपलेला थर परत फुगत नाही, आणि बाहेरून काही दिसत नाही म्हणून माणूस फसतो. बावीस हजारांचे हेल्मेट टाकून देताना हात थरथरतो, हे मला कळते. म्हणूनच मी सांगतो की जेवढ्या किमतीचे हेल्मेट आदळल्यावर बिनधास्त टाकून देता येईल, तेवढ्याच किमतीचे घ्यावे. वापरलेले महाग हेल्मेट निम्म्या किमतीत घेणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. बाकड्यावरून रिकामे हेल्मेट खाली पडले तर एवढे घाबरण्याचे कारण नसते, मात्र पाचएक वर्षांनी न आदळलेलेही बदलावे, कारण गादी सैल झालेली असते आणि घाम, तेल, ऊन यांनी आतले थर कमजोर झालेले असतात.

पुढच्याला पंधरा हजारांचे, मागचीला काही नाही

रंकाळ्यावर संध्याकाळी उभे राहिले तर हे दृश्य हवे तितके पाहायला मिळते. चालवणाऱ्याच्या डोक्यावर ग्राफिक्सचे झकपक हेल्मेट, मागे बसलेल्या पत्नीच्या डोक्यावर ओढणी आणि मध्ये उघड्या डोक्याचे मूल. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही आणि चार वर्षांवरील मुलालाही लागू आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मागचा माणूस पुढे काय येते आहे हे पाहू शकत नाही, त्यामुळे सावरायला त्याला वेळच मिळत नाही.

म्हणून पंधरा हजार घेऊन कोणी विचारायला आला की मी आधी घरात किती जण गाडीवर बसतात ते विचारतो, आणि पाच-साडेपाच हजारांची दोन हेल्मेट आणि मुलासाठी त्याच्या मापाचे एक, असा हिशोब मांडून देतो. पत्नीचे हेल्मेट आपल्या अंदाजाने आणू नये, तिला दुकानात न्यावे. अंबाडा किंवा मोठी क्लिप असेल तर हेल्मेट मागून उचलले जाते आणि पट्टी कितीही आवळली तरी ते पुढे कलते. केस मानेपाशी खाली बांधून मगच टेप लावावी.