गिटहबचं टोकन काढताना

टीममध्ये नवीन कुणी रुजू झालं की कोड समजावण्याआधी मला बहुतेक वेळा कोड ठेवायच्या गिटहब या साइटच्या टोकनचंच (पासवर्डऐवजी वापरायच्या लांबलचक गुप्त ओळीचं) प्रकरण समजावावं लागतं. टर्मिनलवरून पहिला पुश करायचा (आपला कोड गिटहबवर चढवायचा), पासवर्ड विचारला की खात्याचा पासवर्ड टाकायचा, आणि नकार आला की कीबोर्डवर संशय घ्यायचा, हे ठरलेलं. गिटहबने 13 ऑगस्ट 2021 पासून गिटच्या (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) कामांसाठी खात्याचा पासवर्ड बंद केलाय. त्या जागी टोकन पेस्ट करायचं. पेस्ट केल्यावर पडद्यावर काही उमटत नाही. निर्धास्त एंटर दाबा.

सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी ‘डेव्हलपर सेटिंग्ज’ आहे. तिथे दोन प्रकार मिळतात, क्लासिक आणि फाइन-ग्रेन्ड. जुने व्हिडिओ क्लासिक घेऊन दिसेल त्या चौकटीत टिक करायला सांगतात. तसं करू नका. क्लासिकमध्ये नुसतं ‘रेपो’ निवडलं तरी तुम्हाला जिथे जिथे प्रवेश आहे त्या सगळ्या खाजगी रिपॉझिटऱ्या (प्रोजेक्टच्या कोडचे साठे) त्या एका टोकनला खुल्या होतात. ऑफिस, फ्रीलान्सचं काम आणि कॉलेजचा प्रोजेक्ट एकाच खात्यावर असेल तर काय होईल, बघा. फाइन-ग्रेन्डमध्ये नेमकी रिपॉझिटरी निवडता येते. साध्या पुल-पुशसाठी (कोड उतरवण्या-चढवण्यासाठी) ‘कंटेंट्स’ला वाचन-लेखनाची परवानगी पुरते. कंपनीच्या रिपॉझिटरीसाठी ॲडमिनची मंजुरी लागू शकते, तेव्हा पहिल्याच दिवशी अर्ज टाकून ठेवा. एक अडचण मात्र खरी आहे: तुम्ही कंपनीच्या ऑर्गनायझेशनचे सदस्य नसून बाहेरचे सहयोगी असाल, तर अजून क्लासिकच घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे टोकनला त्या रिपॉझिटरीत प्रवेशच नसला की गिटहब तसं सांगतच नाही. खाजगी रिपॉझिटरी असेल तर सरळ ‘सापडली नाही’ म्हणतं. लोक तासभर नावाचं स्पेलिंग तपासत बसतात. यूआरएल बरोबर असेल तर आधी टोकनच्या परवानग्या बघा.

नाव ‘टेस्ट’ किंवा ‘नवीन’ ठेवू नका. ‘ऑफिस-लॅपटॉप-पुश’ असं ठेवलं की लॅपटॉप हरवल्यावर नेमकं तेवढंच रद्द करता येतं. मुदत मी नव्वद दिवसांची घेते, फक्त ती रिलीजच्या आठवड्यात संपणार नाही एवढं कॅलेंडरात बघून.

टोकन एकदाच दिसतं, म्हणून लोक ते स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवतात! पासवर्ड जपून ठेवणारा क्रेडेन्शियल मॅनेजर किंवा मॅकची कीचेन वापरा. क्लोनच्या (रिपॉझिटरीची प्रत उतरवायच्या) यूआरएलमध्ये घातलेलं टोकन त्या फोल्डरच्या गिट कॉन्फिग फाइलमध्ये उघडं पडून राहतं. चुकून कमिटमध्ये (कोडच्या बदलांच्या नोंदीत) गेलंच, तर ओळ पुसण्याआधी टोकन रद्द करा. इतिहासात ते तसंच असतं.

गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवर आपोआप चालणाऱ्या कामांत) त्याच रिपॉझिटरीपुरतं काम असेल तर स्वतःचं टोकन लागतच नाही. प्रत्येक जॉबला आपोआप एक टोकन मिळतं आणि जॉब संपला की ते बाद होतं.