घरातली तक्रार मांडायची कशी, आणि आवाज चढला तर थांबायचं कसं

नवरा-बायकोच्या भांडणावर सल्ला द्यायला अख्खी सोसायटी तयार असते. त्यातले दोन सल्ले आधी बाजूला ठेवा. पहिला, ‘मनातलं सगळं ओकून टाक, मोकळं वाटेल.’ तसं होत नाही. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम चिडवलं. मग काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसेवाल्यांचा राग उलट वाढलेला निघाला. नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. दुसरा सल्ला, ‘झोपण्याआधी भांडण मिटलंच पाहिजे.’ रात्री बारा वाजता, दमलेल्या डोक्याने काहीही मिटत नाही. झोपा.

एक अट आहे. घरात मारहाण होत असेल, धमक्या असतील किंवा भीतीने बोलताच येत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ११२ गाठा.

१. विषय एकच घ्या. दवाखान्याच्या फेऱ्यांबद्दल बोलायचंय तर लग्नातला मानपान मध्ये आणायचा नाही.

२. वेळ पाहा. नाशिकच्या सातपूर-अंबडला कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दारातच गाठू नका. निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाची तोडणी सुरू असताना, व्यापारी बांधावर उभा असताना, घरखर्चाचा विषय काढू नका. पोट रिकामं नको आणि सासू-सासरे, मुलं समोर नकोत. रविवारी मिसळ खाऊन घरी आल्यानंतरचा तास चांगला. ‘मला अर्धा तास बोलायचंय, कधी बसू या?’ असं आधी विचारलंत तर समोरचा ढाल घेऊन बसत नाही.

३. पहिलं वाक्य तयार ठेवा. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर या अमेरिकी संशोधकांनी १२४ नवविवाहित जोडप्यांचं वादाचं संभाषण रेकॉर्ड केलं आणि पुढे सहा वर्षं त्यांचा मागोवा घेतला. १९९९ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की कोणती जोडपी वेगळी होतील याचा अंदाज पहिल्या तीन मिनिटांवरूनच येत होता. म्हणून सुरुवातीला जपा. साचा साधा आहे: काय घडलं, मला काय झालं, मला काय हवं.

‘तुम्हाला घराचं काही पडलेलंच नाही’ हा माणसावरचा शिक्का झाला. ‘आईंना या आठवड्यात तिन्ही वेळा मी एकटीनेच दवाखान्यात नेलं. मी दमलेय. गुरुवारची फेरी तुम्ही कराल का?’ ही तक्रार झाली, आणि तिला उत्तर देता येतं. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द गाळा. नाहीतर समोरचा लगेच एक अपवाद शोधून काढतो आणि मूळ मुद्दा तिथेच संपतो. ‘मला वाटतं की तू आळशी आहेस’ या वाक्यात ‘मला वाटतं’ असलं तरी ती शिवीच.

४. आवाज चढला की थांबा. सगळी गोम या पायरीत आहे, आणि बहुतेक जण ती चुकीची करतात.

राग चढल्यावर नाडी वाढते, श्वास उथळ होतो, आणि समोरच्याचं बोलणं कानावर पडलं तरी डोक्यात शिरत नाही. गॉटमन यांच्या मते नाडी मिनिटाला १००च्या वर गेली की त्या बोलण्यातून काही निष्पन्न होत नाही. मनगटावर दोन बोटं ठेवा आणि १५ सेकंद मोजा. २५च्या वर ठोके आले तर बस झालं. घड्याळ समोर नसलं तरी खूण ओळखता येते: तेच वाक्य तुम्ही तिसऱ्यांदा आणि जास्त मोठ्याने बोलता आहात.

थांबताना काय म्हणायचं ते दोघांनी शांत असतानाच ठरवून ठेवा. ‘तू आधी शांत हो’ हे वाक्य आगीत तेल ओतण्यासारखं आहे. स्वतःबद्दल बोला आणि परतायची वेळ सांगा: ‘मला आता ऐकू येत नाहीये. साडेनऊला परत बसू.’ ही वेळ सांगणं सर्वांत महत्त्वाचं. वेळ न सांगता उठून गेलात तर तो अबोला होतो. आपल्याकडे अबोला ही शिक्षा म्हणून वापरतात, त्यामुळे मागे राहिलेला माणूस ती शिक्षाच समजतो आणि मागोमाग येऊन दार ठोठावतो. मग ‘बघा, थांबून काही होत नाही’ असा निष्कर्ष निघतो.

किती वेळ थांबायचं? किमान २० मिनिटं, कारण शरीर खाली यायला तेवढा वेळ लागतो. पाच मिनिटांत परतलेला माणूस शांत दिसतो, पण असत नाही. उलट दुसऱ्या दिवसापलीकडे ताणलंत तर ते टाळणंच झालं.

त्या वेळात काय करायचं नाही, ते नीट वाचा. आईला किंवा मित्राला फोन नको. व्हॉट्सॲपवर निबंध नको. ‘आता गेल्यावर असं सुनावतो’ याची तालीम तर मुळीच नको, तिने नाडी खाली येतच नाही. गॉटमन यांच्या प्रयोगशाळेत जोडप्यांना वादाच्या मध्येच ‘यंत्र नीट करायचंय’ असं सांगून थांबवलं आणि अर्धा तास नुसती मासिकं वाचायला दिली. परत बोलायला बसल्यावर हृदयाचे ठोके खाली आले होते आणि बोलण्याचा सूरही बदलला होता. त्या अर्ध्या तासात कुणी त्यांचं समुपदेशन केलं नव्हतं.

सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात मासिक घेऊन बसायला वेगळी खोली कुठून आणणार? गच्चीवर जा, दूध आणा, जवळ असेल तर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोदापार्कला चक्कर मारा. पायीच जा. रागाच्या भरात गाडी काढून मुंबई-आग्रा हायवेवर जाण्यात शहाणपण नाही.

परत विषय कुणी काढायचा? ज्याने थांबायला सांगितलं त्यानेच. यात सवलत नाही. साडेनऊला अजून जमत नसेल तर ‘उद्या सकाळी चहाला’ अशी नवी वेळ द्या, पण गप्प बसू नका. दोनदा वेळ पाळली गेली की मागे राहणाऱ्याची धास्ती कमी होते.

५. ऐका. उत्तर देण्याआधी समोरच्याचा मुद्दा एका वाक्यात परत सांगा. मधूनमधून ‘हे तुझं बरोबर आहे’ म्हणा. टिकलेल्या जोडप्यांत वाद चालू असतानाही एका कडू क्षणामागे साधारण पाच गोड क्षण दिसतात, असं गॉटमन यांचं निरीक्षण आहे.

६. कोण, काय, कधी एवढंच ठरवा. ‘यापुढे लक्ष देईन’ हे ठरवणं नव्हे. ‘दर गुरुवारी सुट्टी टाकून मी नेणार’ हे ठरवणं. कॅलेंडरवर लिहा, दोन आठवड्यांनी जमलं का ते पाहा. तोच विषय पुन्हा निघाला तर दचकू नका. गॉटमन यांच्या हिशोबाने जोडप्यांचे ६९ टक्के वाद स्वभावातून येतात आणि कायमचे सुटत नाहीत. एकाचा हात सढळ आणि दुसऱ्याचा आखडता असेल तर तो वाद दर दिवाळीला येणारच. तिथे कोण बरोबर ते ठरवत बसू नका, या वर्षीच्या खरेदीचा आकडा ठरवा.