ऊस सीझनला गाडी चालवताना डोकं थंड ठेवायचं तर

सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली ह्या पट्ट्यात कारखान्यांची धुराडी पेटली की नुसती गाडी चालवता येऊन भागत नाही, डोकं पण सांभाळायला लागतंय.

पहिलं काम निघायच्या आधीचं. निम्मा राग घड्याळाचा असतो, समोरच्याचा नाही. सातारा-कराड पन्नासेक किलोमीटर धरा, ८० नं गेला तर ३८ मिनिटं आणि १०० नं गेला तर ३०, म्हणजे एवढे कट मारून, शिव्या घालून वाचली किती तर आठ मिनिटं, ती पण रस्ता मोकळा मिळाला तर! त्यापेक्षा अर्धा तास आधी निघा आणि पाहुण्यांना उशिराचीच वेळ सांगून ठेवा.

आता मेन विषय, डबल ट्रॉली, म्हणजे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. ऊस दोन्ही बाजूनी बाहेर आलेला, वाढं (उसाचे शेंडे) रस्त्याला घासतंय, रिफ्लेक्टर असला तर उसाखाली झाकलेला आणि पुढं टेपवर गाणी फुल्ल. आपण मागं हॉर्नवर हात ठेवून बसतो आणि म्हणतो गडी मुद्दाम साईड देत नाही. अहो त्याला ऐकूच येत नाही, आरशात बघावं तर ऊसच दिसतो, आणि ऐकलं तरी तो चाक खाली घालणार नाही कारण खचलेल्या साईडपट्टीवर उतरला की मागची ट्रॉली पलटी झालीच म्हणून समजा. हे "मुद्दाम" एकदा डोक्यातनं काढलं की बरंचसं निवतंय. मग मागं अंतर ठेवायचं, पुढचा खांबापासनं गेल्यावर तीन मोजायच्या आत आपण तिथं पोचता कामा नये, रात्री अजून जास्त. डिपर द्या, पुढचं लांबपर्यंत सरळ दिसू द्या, मग एका दमात काढा. अर्धवट नाक घालून परत मागं येणं, त्यातच डोकं जास्त फिरतं.

कास पठाराच्या फुलांच्या सीझनला तिकडं जाणाऱ्या यवतेश्वर घाटात मागं कुणी घ्यायचं ह्यावरनं भांडणं लागतात. नियम साधा आहे, चढणाऱ्याला आधी वाट. समोरच्याला माहीत नसेल तर काच खाली करून वाद घालू नका, जागा असेल तर आपणच थांबा. हायवेच्या खंबाटकी घाटात लाईन मोडून घुसणारे भेटणारच, त्यांना अडवायचा ठेका आपल्याकडं नाही.

राग चढायला लागला की आधी अंगाला कळतं, स्टेअरिंग घट्ट आवळलं जातं, दात चावले जातात. तेव्हा चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. नाटकी वाटेल, पण श्वास सावकाश सोडला की छातीतली धडधड खरंच उतरते. आणि शेजारी बसून "दाव की त्याला" म्हणणारा मित्र असेल तर त्याला मागच्या सीटवर टाका.

आपलं चुकलं तर हात वर करायचा, "चुकलं दादा", विषय संपला.

आणि एखादा खरंच मागं लागला, आडवी गाडी घालायला लागला तर उतरायचं नाही, काचा वर, दरवाजे लॉक, नजरेला नजर द्यायची नाही. घराकडं तर अजिबात वळू नका, त्याला घर कशाला दाखवताय? पेट्रोल पंप, टोल नाका नाहीतर पोलीस ठाणं, जिथं माणसं आणि कॅमेरे असतील तिथं गाडी न्या. शेजारच्याला ११२ लावायला सांगा, गाडी नंबर, कुठल्या दिशेनं चाललाय आणि जवळचं गाव सांगायचं, हायवेवर किलोमीटरचा दगड दिसला तर तो आकडा पण.