सिव्हिल वॉरवर डॉक्युमेंटरी बनवताय? आधी या चुका टाळा

अमेरिकेत शाळेतल्या पोरांसाठी नॅशनल हिस्टरी डे नावाची स्पर्धा असते, त्यात डॉक्युमेंटरी हा एक प्रकार, जास्तीत जास्त दहा मिनिटांची. गेली काही वर्षं मी इथल्या पोरांना त्यासाठी मदत करतोय आणि दरवर्षी दोन-तीन ग्रुप तरी सिव्हिल वॉर, म्हणजे १८६१ ते १८६५ चं अमेरिकेतलं उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्ध, घेऊन येतातच. विषय झकास आहे, फोटो ढिगाने, पत्रं ढिगाने, आणि त्या काळातल्या फोटोंना कॉपीराइटची कटकट नाही. पण चुका मात्र दरवर्षी त्याच, मागच्या बॅचने पुढच्या बॅचला नोट्स द्याव्यात तशा दिल्यासारख्या. तेच तेच बोलून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, फोटो खरा आहे म्हणजे फोटोतलं सगळं खरं आहे असं नाही. याच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तर पुढे जा.

दोन वर्षांपूर्वी आठवीतली तीन पोरं आली, फिल्म जवळजवळ तयार, स्पर्धेला आठ दिवस. क्लायमॅक्सला गेटिसबर्गच्या रणांगणावरच्या डेव्हिल्स डेन या खडकाळ जागेतला तो प्रसिद्ध फोटो, दोन मोठे खडक, मधे रचलेल्या दगडांची भिंत, भिंतीला टेकवलेली बंदूक आणि खाली उताणा पडलेला कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या बाजूचा, सैनिक. पोरांनी चेहऱ्यावर हळूहळू झूम लावलेला, मागे उदास व्हायोलिन, आणि निवेदन असं की हा नेमबाज इथेच एकटा शेवटपर्यंत लढला आणि घरच्यांची आठवण काढत काढत गेला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं तो कोणाची आठवण काढत होता? तर म्हणे, फोटोसोबत लिहिलंय की काका.

लिहिलंय, खरंच लिहिलंय. फोटोग्राफर अलेक्झांडर गार्डनरने १८६६ साली आपला अल्बम छापला त्यात या फोटोसोबत असलाच रडका मजकूर आहे, वर असंही की आपण नोव्हेंबरमध्ये परत गेलो तर सांगाडा आणि बंदूक तिथेच होती. लढाई १८६३ च्या जुलैच्या पहिल्या तीन दिवसांतली, मग प्रेतं पुरायला लोक आले, मग आठवण म्हणून मिळेल ते उचलणारे हौशे आले, आणि चार महिने त्या बंदुकीला कोणी हात लावला नाही? १९७० च्या दशकात विल्यम फ्रासानिटो नावाच्या संशोधकाने त्या जागी जाऊन खडकांशी फोटो ताडून बघितले, तेव्हा नीट उलगडा झाला. तोच मृत सैनिक दुसऱ्या फोटोंमध्ये वेगळ्याच जागी, खाली उतारावर पडलेला दिसतो. म्हणजे फोटोवाल्यांनी प्रेत उचलून वर खडकांच्या बेचक्यात आणलं, बंदूक टेकवली आणि फोटो काढला. ती बंदूकसुद्धा नेमबाजांच्या वापरातली नव्हे. बिचारा बहुतेक साधा पायदळातला शिपाई असणार.

हे सांगितल्यावर पोरांचे चेहरे पडले. एकाने लगेच लॅपटॉप ओढला आणि म्हणाला, काका, मग डिलीट करू? मला खरा राग या डिलीटचा येतो. चूक कळली की पुसायची आणि पुढे पळायचं, त्या चुकीत काही सापडतंय का ते बघायचंच नाही. मी म्हटलं, फोटो राहू दे, तुझं वाक्य काढ. मग आम्ही दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले, एकात उतारावरचा तो, एकात बेचक्यातला तो, आणि निवेदनात फक्त एवढंच ठेवलं की हा माणूस मेल्यावर त्याला इथून तिथे हलवलं गेलं आणि त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. संगीत बंद. चाळीस सेकंद. पुढच्या फेरीत गेले नाहीत ते, पण परीक्षकांनी जे काही विचारलं ते त्या चाळीस सेकंदांबद्दलच.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, प्रत्येक फोटोसाठी एक कार्ड. त्यावर तीन गोष्टी: फोटो कोणी काढला, कधी काढला, आणि खालची ओळ कोणी आणि कधी लिहिली. तिसरा प्रश्न पोरांना फालतू वाटतो, आणि घोळ नेमका तिथेच असतो.

याच्याच शेजारची चूक म्हणजे गूगलवरून उचललेला नखाएवढा फोटो आणि त्यावर झूम. फिल्म १९२० पिक्सेल रुंद असेल आणि तुम्हाला फोटोच्या अर्ध्या भागापर्यंत आत जायचं असेल तर मूळ फोटो ३८४० पिक्सेल तरी रुंद पाहिजे, साधा हिशोब आहे, पण करतंय कोण. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हांचे मोठे स्कॅन फुकट आहेत, टिफ फाइल मोठी असते, डाउनलोडला वेळ लागतो, लागू दे. ती उघडून सगळी शंभर टक्के साइझला फिरवून बघा, मी पोरांना घड्याळ लावून पाच मिनिटं बघायला बसवतो. पहिल्या मिनिटात सगळे कंटाळतात, तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी ओरडतंच, काका, या मागच्याला चेहराच नाहीये! चेहरा असतो हो, पण एक्स्पोजर काही सेकंदांचं असायचं, पोरगं हललं आणि पुसलं गेलं. आणि याच कारणामुळे ऐन लढाईतले, पळणाऱ्या सैनिकांचे फोटो नाहीत. काच ओली असतानाच फोटो काढून तिथल्या तिथे धुवायला लागायची, त्यासाठी घोडागाडीत डार्करूम घेऊन फिरायचे. तेव्हा 'हा हल्ला चालू असतानाचा फोटो' असं निवेदन दिसलं की मी तिथेच पॉज करतो.

फोटो नाहीत तर व्हिडिओ कुठून असणार, सिनेमाच तीसेक वर्षांनी आला. तरी पोरं १९१५ च्या मूकपटातले तुकडे काळेपांढरे आहेत म्हणून खरं फुटेज समजून टाकतात. नाहीतर आजकालच्या नाटकी लढायांच्या क्लिप, एकदा तर निळ्या कोटातल्या शूर सैनिकाच्या मनगटावर डिजिटल घड्याळ होतं आणि मागे पार्किंग लॉट. वापरायचंच असेल तर स्क्रीनवर लिहा की हे आत्ताचं आहे. त्यापेक्षा १९३८ च्या पंच्याहत्तराव्या वर्षीच्या गेटिसबर्ग मेळाव्याची खरी फिल्म शोधा, नव्वदी ओलांडलेले म्हातारे दोन्ही बाजूंनी येऊन दगडी भिंतीवरून हात मिळवतायत. साल लिहायला विसरू नका म्हणजे झालं.

आता ते व्हायोलिन. दर दोनातल्या एका फिल्ममध्ये तीच एक धून असते, 'अशोकन फेअरवेल', आणि सगळ्यांची खात्री असते की ती सैनिक शेकोटीपाशी वाजवायचे. ती धून १९८२ सालची आहे हो! १९९० च्या 'द सिव्हिल वॉर' या गाजलेल्या टीव्ही मालिकेने ती घराघरात नेली, म्हणून जुनी वाटते. कॉपीराइट आहे तिच्यावर. मला विचाराल तर संगीत निम्म्याने कमी करा, दहा मिनिटं सतत रडकं काहीतरी वाजत असेल तर प्रेक्षकाला रडू येत नाही, झोप येते.

आणि यंदाचं नवीन फॅड, एआयने बनवलेला, त्या वेळचा राष्ट्राध्यक्ष लिंकनचा आवाज. खर्जातला, भारदस्त, एकदम ट्रेलरवाला. लिंकन १८६५ ला गेला, फोनोग्राफ १८७७ चा, रेकॉर्डिंग असण्याचा प्रश्नच नाही, आणि ज्यांनी त्याला ऐकलं ते लिहून गेलेत की आवाज बारीक आणि चिरका होता. वर्गातल्या कोणाकडून तरी साधेपणाने वाचून घ्या.

आकड्यांमध्ये एकच चूक, पण जबरदस्त मोठी. इंग्रजीतल्या कॅज्युअल्टीज म्हणजे मेलेले नव्हेत! त्यात जखमी, पकडलेले, बेपत्ता सगळे येतात. गेटिसबर्गचा ५१,००० हा आकडा 'तीन दिवसांत ५१,००० मेले' असा मी इतक्यांदा ऐकलाय की आता हसूही येत नाही, रणांगणावर मेलेले साधारण सात-आठ हजार. पूर्ण युद्धातल्या मृतांचा जुना आकडा ६,२०,०००, पण २०११ मध्ये डेव्हिड हॅकर या इतिहासकाराने जनगणनेवरून अंदाज काढला तो ७,५०,००० च्या आसपास गेला, तेव्हा 'सुमारे' लिहायला लाजू नका. आणि त्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास रोगाने गेले, हगवण, टायफॉइड वगैरे. तुमच्या फिल्ममध्ये दहा मिनिटं तोफाच कशा काय धडाडतायत मग?

कारणांवर येऊ. सुरुवातीलाच 'हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं' असं गुळमुळीत वाक्य, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की बॅलन्स ठेवा. अरे दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने अमेरिकेतून बाहेर पडताना जो जाहीरनामा काढला तो वाचा, सुरुवातीलाच स्वच्छ लिहिलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या व्यवस्थेशी पूर्णपणे बांधलेली आहे. त्यांनी स्वतः लपवलं नाही, तुम्ही कशाला लपवताय? दहा मिनिटं वाचायला लागतात, पण त्याऐवजी दहा सारांश-व्हिडिओ बघतील. आणि उलट्या बाजूची घाईही नको, लिंकनच्या १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या घोषणेने सगळे गुलाम मुक्त झाले असं नाही, ती बंडखोर भागापुरती होती. केंटकी, डेलावेअरसारखी युनियनमध्येच, म्हणजे उत्तरेच्या बाजूलाच, राहिलेली गुलामगिरीची राज्यं तिच्यातून वगळलेली होती, देशभर बंदी आली ती डिसेंबर १८६५ मध्ये, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने.

फुटकळ: निळ्या फुलीचा तो लाल झेंडा कॉन्फेडरसीचा, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेचा, पहिला राष्ट्रीय झेंडा नव्हता, लढाईतला झेंडा होता. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती लीने शरणागती पत्करली, युद्ध त्या दिवशी संपलं नाही. काळ्या सैनिकांना शेवटच्या मिनिटात 'त्यांचंही योगदान होतं' म्हणून उरकू नका, जवळजवळ १,८०,००० होते ते, आणि बराच काळ गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर तर यांना १०, त्यातूनही ३ कपड्यांचे कापून.

निवेदन: दहा मिनिटांत आरामात तेराशे शब्द बसतात, पोरं बावीसशे लिहितात आणि मग राजधानी एक्स्प्रेससारखी वाचत सुटतात. मी लाल पेन घेऊन बसतो आणि जे चित्रात दिसतंय ते वाक्य उडवतो, पाचशे शब्द असेच जातात. रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटात तोंड घालून करा, हसू नका, आवाज घुमत नाही. आणि एडिटिंगचं ॲप पहिले तीन आठवडे उघडायचं नाही, आमच्याकडे मी पासवर्डच बदलून ठेवतो, शिव्या खातो, चालतंय.